लाइन सोडू का

पुसेगाव, ता. सेनगाव
८ जुलै २०२५

ती. सौ. मिराअक्कास,
सोमेश्वरचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून तुला नवल वाटेल. फोनवर बोलणारा भाऊ पोस्टाच्या नादी कशाला लागला, असं दाजींना विचारशील. नांदेडच्या दवाखान्यात माझा अभ्यास घेणाऱ्या मॅडमचं काम आहे हे. मेंदूतली गाठ काढली, रेडिएशनचे तीस शेक झाले, गोळ्यांचे सहा महिने मागच्या महिन्यात संपले. आता डोक्याला पुन्हा वळण लावायचं, त्याचा हा अभ्यास. मॅडम म्हणतात, फोनवर माणूस अडखळला की समोरचा सावरून घेतो, कागद सावरून घेत नाही. म्हणून पत्र लिहायचं, उत्तर आलं की ते वाचायचं आणि त्यातल्या एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचं. तेव्हा तू भरपूर लिही आणि मधून मधून प्रश्न विचारत जा.

बाकीचा अभ्यास ऐकशील तर हसशील. पेपरचं अर्धं पान घ्यायचं आणि त्यातले सगळे 'म' खोडायचे. सुरू करण्याआधी आपल्याकडून किती सुटतील त्याचा अंदाज वर लिहून ठेवायचा. तपासायला सृष्टी. पाचवीतली लेक लाल पेन घेऊन बापासमोर मांडी घालून बसते. शिवाय गळ्यात दोरीनं एक वही अडकवली आहे, केलेलं काम लगेच तिच्यात लिहायचं. आई म्हणते, पोळ्याला अजून अवकाश आहे तरी ह्याला आत्ताच सजवलं.

तब्येत चांगली आहे. फक्त दहा महिने घरात बसून जीव विटला. गावातली लाइट गेली की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. बारा वर्षं मी या लाइनवर लाइनमन आहे. कोणत्या खांबाचा ताण ढिला आहे, कोणत्या बाभळीची फांदी तारेला लागते, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टर फिटनेसचं सर्टिफिकेट देणार आहेत. मग पुन्हा खांबावर. पुनम मात्र फार घाबरते. मी चपला घातल्या की ती दारात येऊन उभी राहते. तू तिला चार शब्द सांग.

दाजींना नमस्कार. धाकट्यावर आहे तशी माया राहू दे.

तुझा,
सोमेश्वर


परळी वैजनाथ
१५ जुलै २०२५

चि. सोमेश्वरास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र दाजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी एकदा वाचलं, मग शेजारच्या रुख्मिणीबाईंना दाखवलं. कुठं खाडाखोड न्हाई, ओळ वाकडी न्हाई. शाळेत तुझं अक्षर बघून गुरुजी विचारायचे की वहीवर कोंबडी सोडली होती का. आता बघ. आजारानं तुझं अक्षर सुधारलं म्हणायचं.

प्रश्न विचारायला सांगितलेस, तर घे. आईचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? सृष्टीच्या वर्गाला यंदा बाई कोण आहेत? आन् तू रोज दूध पितोस की मांजराला घालतोस?

बाकी तुझं खरं आहे. ज्याला एवढं बराबर लिहिता येतं त्याला घरात कोंडून काहून ठेवायचं? मी अमृतरावांना फोन केला होता. तुझे सिनियर असले तरी आधी ते दाजींच्या गावचे, माझा शब्द मोडत न्हाईत. मी म्हणलं, वर चढवू नका, पण सोबत न्या, माणसांत राहील तर पोरगं लवकर ताळ्यावर येईल. ते हो म्हणले.

पुनमशीही बोलले. जरा जास्तच बोलले की काय, असं फोन ठेवल्यावर वाटलं. म्हणलं, माणूस जपायचा असतो, पुरून ठेवायचा नसतो. ती नुसतं हो अक्का, हो अक्का म्हणत राहिली. तिला सांग, मी रागानं बोलले न्हाई.

दूध पीत जा. आम्हा दोघांची आठवण ठेव.

तुझी,
अक्का


पुसेगाव
२३ जुलै २०२५

ती. सौ. अक्कांना,
पुनमचा नमस्कार, वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहून राहिले. रागावू नका. फोनवर बोलता येत न्हाई, हे घरातच असतात आणि घर केवढं ते तुम्हाला माहीत आहे.

सोबत चार पानं ठेवली आहेत, ती आधी वाचा. तुमच्याकडं जे पत्र आलं ते पाचवं. ते लिहायला ह्यांना चार दिवस लागले. पहिल्या पानावर 'तब्येत चांगली आहे' हे पाच वेळा आहे. दुसऱ्या पानावर दाजींचं नाव आठवेना म्हणून तिथं जागा सोडली आहे. तिसरं अर्ध्यातच थांबलंय, कारण मधे आईंनी हाक मारली आणि परत आल्यावर कुणाला लिहीत होते तेच कळेना. चौथं मी आणि सृष्टीनं मिळून दुरुस्त करून दिलं, त्यावरून त्यांनी पाचवं काढलं. चोरी म्हणून न्हाई, मॅडमनीच तशी मुभा दिली आहे. पण तुम्ही ते बघून त्यांना बरं ठरवलंत, म्हणून सांगावं लागलं.

मागच्या गुरुवारी दुपारी गावातली लाइट गेली. शेजारचे बोलवायला आले. हे काठी घेऊन डीपीवर गेले, फ्यूज टाकला, लाइट आली. सगळ्यांनी वाहवा केली. घरी येऊन चहा पिले आणि पुन्हा काठी उचलून निघाले. मी विचारलं कुठं, तर म्हणले लाइट गेलीये, डीपीवर जातो. डोक्यावर पंखा फिरत होता अक्का. मी पंख्याकडं बोट दाखवलं तर माझ्यावरच ओरडले की मी कधी गेलो होतो.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेटची. पुढच्या महिन्यात देतो असं डॉक्टर म्हणलेच न्हाईत. नांदेडला आम्ही दोघं त्यांच्या आणि मॅडमच्या समोर बसलो होतो. मॅडमनी हळूच पण स्पष्ट सांगितलं की खांबावर चढणं आता न्हाई, कदाचित कधीच न्हाई, दुसरं काम बघू. परतताना जीपमध्ये हे म्हणले, चला, एक महिनाच राहिला. खोटं बोलले असते तर मी भांडले असते. पण त्यांना ते तसंच ऐकू आलंय. मी किती वेळा सांगितलं. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक महिना.

मी त्यांना पुरून ठेवत न्हाई. तुम्ही अमृतरावांना फोन करून नका म्हणून सांगा. मी सांगितलं तर बायकोची भीती म्हणून हसण्यावारी नेतील. तुमचं ऐकतील.

लहान तोंडी जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
पुनम


परळी वैजनाथ
३० जुलै २०२५

चि. सोमेश्वरास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर न्हाई. म्हशीचं कळलं न्हाई, गुडघ्याचं कळलं न्हाई.

एक मागणं आहे. या वेळी पत्र पुन्हा पुन्हा उतरवून काढू नको. पहिल्यांदा लिहिशील तेच पान पाकिटात घाल. रेघोट्या असू दे, चुका असू दे. मला गुरुजींना दाखवायचं न्हाई, मला तुझ्याशी बोलायचं आहे. काहून असं विचारू नको.

आणि खांबाचं एवढ्यात मनात आणू नको. मी मागं जे लिहिलं ते घाईत लिहिलं. माझ्याकडून तसं होतं, तुला माहीत आहे.

इकडं दाजींना सुट्टी न्हाई, मला करमत न्हाई. स्वयंपाक करताना दोनदा मीठ घातलं आज.

वाट बघते.

अक्का


पुसेगाव
७ ऑगस्ट

अक्का नमस्कार.

तू म्हणलीस कच्चं पाठव म्हणून हे कच्चं. म्हैस व्याली. वगार झाली. आईचा गुडघा तसाच, तेल लावून राहिली. सृष्टीच्या बाई, बाईंचं नाव आता तोंडात होतं. सोड. मागून लिहितो. दूध पितो. म्हैस व्याली, वगार झाली चांगली.

वर लिहिलंय व्हय. आत्ता दिसलं. खोडत न्हाई, तूच म्हणलीस.

अक्का मला तकलीफ होऊन राहिली ती कुणाला सांगता येत न्हाई. डोकं दुखत न्हाई. दुखलं असतं तर बरं. घरात पुनम बोलते, आई बोलते, कुकर वाजतो, टीव्ही चालू, सगळं एकदमच आत येतं, त्यातलं कोणतं धरावं कळत न्हाई. मग मी वरडतो. वरडल्यावर लाज वाटते. अंगणात जातो, परत येतो, परत जातो. आई म्हणते बस रे. कसं बसू. खांबावर तसं न्हाई. तिथं वारा आन् तार, दोनच गोष्टी.

काल 'म' खोडले. मॅडमनी अंदाज लिहायला सांगितलाय. मी लिहिलं एकबी सुटणार न्हाई. आन् मी नीट बघितलं अक्का, बोट ठेवून, एकेक ओळ. पान सपाट साफ होतं, माझ्या डोळ्याला एकबी उरला न्हवता. सृष्टीनं लाल गोल केले. एकोणीस. मी म्हणलं तू आता घातले हे. पेपर फाडला. लेकरू रडलं. मग तिनं तुकडे गोळा करून चिकटवले आन् मला दाखवले. एकोणीसच होते.

सृष्टीच्या बाई जनकाबाई. आठवलं.

अमृतराव भेटले. सोमवारपासून चल म्हणले, खाली दोर धरायला. तुझा फोन आला होता म्हणले. पुनमला सांगितलं न्हाई. ऑफिसात कागद द्यायला जातो म्हणणार. तूबी सांगू नको, शपथ आहे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात म्हणलंच आहे, मग चार दिवस आधी काय बिघडतं.

म्हैस व्याली ते लिहिलं का.

हात दुखला. थांबतो. माया असू दे.

सोमा


पुसेगाव
१३ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सोमेश्वरचा नमस्कार, वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहून राहिलो. हे एकदाच लिहिलंय, पण सकाळपासून लिहून राहिलो आन् पुनम शेजारी बसली आहे. जिथं सुटलं तिथं तिनं विचारलं, मी भरलं. तिला सगळं कालच सांगितलं. तेव्हा शपथेचं सोड.

सोमवारी गेलो, दोर धरला, काही झालं न्हाई. काल मंगळवारी वाऱ्यानं गोरेगावच्या रस्त्याला दोन ठिकाणी तार तुटली. अमृतराव, त्यांच्यासोबत एक लाइनमन आन् मी. दाजी विजेच्या कामातले, त्यांना नियम माहीत आहे, तरी तुझ्यासाठी लिहितो. चढायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून लाइन बंद करून घ्यायची. काम झालं, सगळी माणसं खाली आली, की ज्यानं बंद करायला सांगितलं त्यानंच सोडा, म्हणजे वीज चालू करा, म्हणायचं. दुसऱ्या कुणी न्हाई.

पहिल्या खांबाचं काम झालं. दोघं उतरले. दुसरा खांब ओढ्याच्या पलीकडं, बाभळीच्या आड. ते दोघं तिकडं गेले. मला म्हणले सामान बघ. खिशातून फोन पडतो म्हणून अमृतरावांनी तो माझ्याकडं दिला. द्यायला नको होता, ते त्यांनी नंतर कबूल केलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. ऑपरेटर. आमची जुनी ओळख. माझा आवाज ऐकून त्याला बरं वाटलं. म्हणला, सोमा तू आलास का कामावर, मग काळजीच न्हाई. गोरेगावचे लोक वरडून राहिले, झालं असेल तर लाइन सोडू का.

अक्का, मला बराबर दिसलं. अमृतराव खांबावरून उतरले, कमरेचा पट्टा सोडला, उपरण्यानं तोंड पुसलं. दुसराबी उतरला. डोळ्यासमोर आहे तसं दिसलं. सोडा हा शब्द माझ्या तोंडात आला होता. तोंड उघडलं होतं मी.

मग मला ते पेपरचं पान आठवलं. तेबी असंच साफ दिसलं होतं.

मी म्हणलं थांबा. तो म्हणला काहून थांबू. मी म्हणलं मला माहीत न्हाई, पण मी बघून येईपर्यंत सोडू नका. तो चिडला. मी फोन चालूच ठेवला आन् ओढ्यात उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. बाभळीच्या पलीकडं गेलो तर अमृतराव वर होते. दोन्ही हात तारेवर. दुसरा त्यांच्या हाताखाली, पक्कड देत होता. मला जे दिसलं होतं ते पहिल्या खांबावरचं उतरणं, अर्ध्या तासापूर्वीचं.

मी ऑपरेटरला सांगितलं की माणसं वर आहेत. मग फोन खिशात ठेवून मी खांबाखाली उभा राहिलो. वर काही सांगितलं न्हाई, हात थरथरला असता त्यांचा. दोघं उतरल्यावर सांगितलं. अमृतराव बांधावर बसले ते बराच वेळ उठले न्हाईत. पाणी मागितलं, पिले न्हाईत. मग म्हणले हे ऑफिसात बोलू नको, फोन मी दिला होता. मी म्हणलं तुमचं तुम्ही बघा, माझं मी सांगणार.

घरी आलो, पुनमला सांगितलं. ती रागावली न्हाई. आत गेली आन् घासून ठेवलेली भांडी परत घासायला बसली. मी तिच्यापाशी जाऊन बसलो आन् विचारलं, मॅडम त्या दिवशी काय म्हणल्या ते सांग. तिनं सांगितलं. मी म्हणलं हे तू मला आधी का सांगितलं न्हाई. ती म्हणली आजवर अकरा वेळा सांगितलं. मग मी गळ्यातली वही काढून तिला दिली आन् म्हणलं तुझ्या हातानं लिही, मोठ्या अक्षरात, पहिल्या पानावर, खाली मी सही करतो. तसं केलं. आज सकाळी उठल्यावर मला पुन्हा महिनाच राहिलाय असं वाटलं. वही उघडली. माझीच सही होती.

मला झोप लागली न्हाई असं न्हाई, लागली. पण माणसं वर होती हे सारखं येतं. चालताना येतं, जेवताना येतं.

पुनम म्हणते स्वतःवर राग धरू नका असं अक्कांना लिहा. मी विचारलं कसला राग, ती म्हणते त्यांना कळेल. आईनं आशीर्वाद सांगितलाय. तुझा हात डोक्यावर राहू दे.

सोमेश्वर


परळी वैजनाथ
२१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पुनमस,
मिराचे आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे, पण सोमेश्वरला वाचून दाखवलंस तरी चालेल.

त्याची दोन्ही पत्रं मला एकाच दिवशी मिळाली. आधी कच्चं वाचलं, सोमवार कधीचा होऊन गेला होता. दुसरं उघडायला हात उचलेना. दाजींनी उघडलं. त्यांची हयात विजेच्या कामात गेली आहे. वाचून ते गॅलरीत गेले आणि परत येऊन म्हणले, तुझ्या भावानं दोन घरं वाचवली.

मी मात्र काय केलं ते तुला सांगायला पाहिजे. तू चार कच्ची पानं पाठवलीस त्याच दिवशी अमृतरावांना फोन करायला हवा होता. मी नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं नुसता दोर तर धरायचाय. खरं विचारशील तर मला त्या चार पानांवर विश्वास ठेवायचा न्हवता, पाचव्यावर ठेवायचा होता. माझा भाऊ होता तसा परत पाहिजे होता, आणि तू त्याच्या आड येतेस असं मनात धरलं. पुरून ठेवायचं जे मी बोलले ते शब्द मला आता रोज ऐकू येतात.

डोक्याचा पुढचा फोटो काढायला तुम्ही सप्टेंबरात जाल तेव्हा मी येते. गाडीत त्याच्या शेजारी मी बसते, तू जरा खिडकीला डोकं टेकून झोप. अकरा महिन्यांत कुणी तुला झोप म्हणलं न्हाई, मी तर न्हाईच.

तुझ्या मनात माझ्याबद्दल जे असेल ते असू दे, पण घरचीच समज.

मिरा


पुसेगाव
१४ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
सोमेश्वरचा सा. न. वि. वि.

तू येऊन गेलीस त्याला महिना होत आला. फोटोचा कागद डॉक्टरांनी पुन्हा बघितला, नवीन काही न्हाई. पुढचा जानेवारीत. तोवरचं तोवर.

मागच्या सोमवारपासून ऑफिसात जातो. ऑगस्टात जे झालं ते मी साहेबांना लिहून दिलं होतं. अमृतरावांनीही नंतर आपलं आपण सांगितलं, त्यांना नोटीस आली. माझ्याशी दोन आठवडे बोलले न्हाईत, मग एक दिवस घरी येऊन चहा पिऊन गेले. मॅडमनी ऑफिसला पत्र दिलं की ह्याला एका वेळी एकच काम द्या, लिहून द्या, आणि दुपारी पडायला अर्धा तास द्या. तसं मिळालं. फोनवर तक्रार आली की लगेच रजिस्टरात उतरवायची, आणि लाइनवर कोण गेलं, कोण आलं त्याची वही ठेवायची.

खोटं कशाला सांगू, खुर्चीत जीव रमत न्हाई. तासाला दहा वेळा उठतो. परवा मिराबाई नावाच्या एका बाईचा औंढ्याहून चुकून फोन आला, मला वाटलं तूच, मी तिला आईच्या गुडघ्याचं सगळं सांगत बसलो. तीही बिचारी ऐकत होती. सृष्टीला सांगितलं तर ती हसून लोळली. तिच्याजवळ आता पेपरला बसतो तेव्हा आधी सात लिहितो, आठ सुटतात. मॅडम म्हणतात, एकही न सुटण्यापेक्षा हे त्यांना जास्त आवडलं. मला अजून तेवढं आवडलेलं न्हाई.

काल दुपारी जोराचा वारा सुटला. तीन गावांची लाइन गेली. पाऊस आडवा येत होता. अमृतरावांनी दोर घेतला, तिघं त्यांच्या मागं निघाले. मी त्यांच्यासोबत गाडीपर्यंत गेलो अक्का. गाडीला हात लावला. वहीतलं पुनमचं पान आठवलं न्हाई, काही आठवलं न्हाई, नुसतं जावं वाटत होतं. अमृतराव दार उघडं ठेवून थांबले. मग मी विचारलं की तुम्ही किती जण आहात. चार, म्हणले. मी परत येऊन चार नावं लिहिली.

बसलो न्हाई. खिडकी ते दार फिरत राहिलो. एकदा मला पक्कं वाटलं की ते येऊन गेले, आतल्या फरशीवर त्यांच्या चिखलाचे पाय बघितल्याचंबी आठवलं. वही बघितली, नावापुढं काही न्हवतं. फरशी हात लावून बघितली, कोरडी होती. सबस्टेशनचा फोन आला. मी म्हणलं, अजून न्हाई.

दिवेलागणीला गाडी आली. मी छत्री न घेता बाहेर गेलो आणि एकेकाच्या तोंडाकडं बघून नावापुढं खूण केली. चौघंही भिजले होते. चौघं होते.

दाजींना नमस्कार सांग. तुझ्या पत्राची वाट बघतो, प्रश्न घालायला विसरू नको.

तुझा,
सोमेश्वर